पाठमोरे तात्या

आमच्या तात्यांसारखं मरणं अख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणाला जमत नव्हतं. बारामतीकडचे लोक सांगायचे की आमच्याकडेही एक जण तलवार लागल्यावर झकास मरतो. मी मुद्दाम जाऊन पाहिला. तो नुसता धाडकन पडायचा. अहो, पडणं आणि मरणं यात काही फरक आहे की नाही? तात्या मरायला लागले की आधी डाव्या हाताची बोटं मरायची, मग खांदा, मग मान कलायची. बायका पदर तोंडाला लावून "आता गेला गं बाई" म्हणतायत तोवर काहीतरी आठवल्यासारखे पुन्हा डोळे उघडायचे, राणीची समजूत काढायचे, विष देणाऱ्या दिवाणाला माफ करायचे आणि मगच जायचे. निमगाव केतकीच्या यात्रेत लोक पाळण्याची रांग सोडून हे मरण बघायला यायचे. मी विंगेत पुस्तक धरून बसलेली असायचे. सगळं तोंडपाठ असूनही दर वेळी माझं नाक गळायचं.

तात्या नात्यानं माझे चुलत सासरे. माझं माहेर बारामतीचं, नोकरी शाळेत. लग्न होऊन निमगावात आले आणि पहिल्याच यात्रेला गावच्या नाटकाची प्रॉम्प्टर झाले, कारण आधीचे प्रॉम्प्टर इतक्या जोरात सांगायचे की शेवटच्या रांगेलाही प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू जायचं. तात्या घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "वैनी, तुमची सून लई हळू बोलती म्हणं. मला द्या की." हळू बोलणारी म्हणून माझी निवड झाली, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. माझे यजमान तर हा विषय निघाला की उठून बाहेर जातात.

तात्यांची डाळिंबाची बाग होती. छाटणी असो, फवारणी असो, काम चालू आणि तोंडानं राजाची वाक्यं चालू. बोलताना हाय-न्हाय करणारा हा माणूस राजा झाला की असं शुद्ध बोलायचा की बागेत डाळिंब तोडायला आलेल्या बायका कात्री खाली ठेवून हात जोडायच्या. एकदा भर दुपारी बांधावर त्यांनी मरणाची तालीम धरली. शेजारच्या रानात कळस गावचा एक ट्रॅक्टरवाला नवीनच कामाला आला होता. म्हातारा गवतात पडलाय, हातपाय ताठ होतायत, हे बघून त्याला वाटलं याला पान लागलं, साप चावला. त्यानं तात्यांना उचलून ट्रॉलीत घातलं आणि ट्रॅक्टर पळवला दवाखान्याकडे. तात्या गप्प पडून राहिले. का, तर मरण छान रंगलं होतं, मोडायचं कशाला! निम्म्या वाटेत ट्रॉलीतून मान वर काढून त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर तिथंच सोडून उसाच्या फडात पळाला. तात्यांना ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, म्हणून तो माणूस भीती ओसरून परत येईपर्यंत ते ट्रॉलीतच बसून राहिले. पुढे दर यात्रेला हा बाबा पुढे येऊन बसायचा आणि तात्या मेले की शेजाऱ्याला ढोसून सांगायचा, "ह्यो आसाच माज्या ट्रॉलीत बी मेला हुता."

आता ते प्रकरण सांगते. आमच्याकडे सत्काराशिवाय पान हलत नाही. बोअरला पाणी लागलं की सत्कार, पोरगं तलाठी झालं की सत्कार, आणि नाटकात तर पुढारी आले की जिथे असेल तिथे प्रयोग थांबवून सत्कार. त्या काळी साखर कारखान्याचे एक चेअरमन होते. त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही, सगळे चेअरमनच म्हणायचे. माणूस तसा दिलदार, पण वेळेवर कुठे पोचल्याचं कुणाला आठवत नाही. त्या वर्षी ते आले ते नेमके तिसऱ्या अंकात, तात्यांनी विषाचा प्याला पिऊन राणीच्या मांडीवर डोकं टेकल्यावर. यात्रा कमिटीचे अध्यक्ष माइक घेऊन थेट स्टेजवर चढले आणि तात्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "तात्या, जरा दम धरा. साहेब आल्यात. सत्काराचं उरकू, मग मरा."

तात्या विव्हळत तसेच पडून राहिले. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला, तो सुटला म्हणून परत बांधून झाला. मग चेअरमन बोलायला उभे राहिले. उसाचा उतारा झाला, पाण्याची पाळी झाली, ठिबक झालं, विरोधक झाले. राजा त्यांच्या पायाशी पडलेला, राणी मांडीला मुंग्या आल्या म्हणून माझ्याकडे बघून डोळे वटारतेय, आणि मी पुस्तकातलं बोट काढू की ठेवू या विचारात. शेवटी चेअरमन खाली जाऊन खुर्चीत बसले आणि हात हलवून म्हणाले, "हं, चालू द्या."

तात्या उठून बसले. छाती चाचपली. नाडी बघितली. मग उभं राहून खड्या आवाजात गरजले, "दिवाणजी! दुसरं विष आणा. साहेबांच्या भाषणानं पहिलं उतरलं!"

बाई गं! काय हसली ती माणसं! शिट्ट्या काय, टोप्या उडवणं काय, भेळवाल्याचा कांदा सांडला. दिवाण झालेला आमचा पोस्टमन हसता हसता खाली बसला तो उठेना. चेअरमन स्वतः पोट धरून हसत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांच्या मागच्या रांगेत बसलेली कारखान्याची माणसं हसत नव्हती. इतक्या गोंधळात कुणाला मरू देतात होय? अध्यक्षांनी घाईघाईनं पडदा ओढला आणि राजा जिवंत असतानाच नाटक संपलं.

पुढच्या वर्षी तालमीच्या आधी अध्यक्ष घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तात्या, यंदा नको." त्याच्या पुढच्या वर्षीही "यंदा नको." निमगावच नव्हे, शेजारपाजारच्या सगळ्या गावांच्या कमिट्यांना एकाएकी तात्या यंदा नको झाले. कुणी हुकूम काढला नाही, कुणी नाव घेतलं नाही. तात्यांनी ऊस लावला असता तर उसाची तोडही आली नसती, पण डाळिंबाला कारखाना काय करणार? म्हणून मग मंडळींनी स्टेज तेवढं काढून घेतलं. मला असा संताप यायचा! मी अध्यक्षांना चहा देणंच बंद केलं. तात्या मात्र एवढंच म्हणायचे, "सूनबाई, बाकी कशाचं काय वाटत न्हाय. माजं मरान अर्दं ऱ्हायलंय बघ. तेवढं त्याच स्टेजवर पुरं झालं की सुटलो."

म्हणून काय तो माणूस घरी बसला? छे! तोंड दिसायला नको ना, मग तोंड न दिसणारं काम द्या, असं म्हणत त्यांनी गावोगाव फिरायला सुरुवात केली. कळसच्या नाटकात यमाचा रेडा होता, त्यात पुढे एक पोरगा आणि मागे तात्या. यम कुणाचे प्राण न्यायला आला की रेड्याचे मागचे पाय असे जड, असे नाइलाजानं चालायचे की लोक यमाला सोडून रेड्याच्या मागच्या बाजूला टाळ्या द्यायचे. यम भयंकर चिडायचा. कोऱ्हाळे बुद्रुकला तात्यांची लेक दिलेली. तिथे जावयाच्या वशिल्यानं त्यांना आकाशवाणी मिळाली. पडद्यामागे उभं राहून कंसाला त्याचं मरण सांगायचं, एवढंच काम. पण आकाशवाणी सुरू होण्याआधी आभाळ खाकरलं आणि सगळा मांडव ओरडला, "तात्या आलं रं!" कंसाच्या तोंडावरची भीती पळाली ती पळालीच.

मग उजनी धरणाच्या पाण्यावर एका मालिकेचं शूटिंग आलं, ते म्हणे मोबाइलवर दिसणार होतं. त्यांना एक म्हातारा बाप हवा होता. मी शाळेला रजा टाकली आणि तात्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. दिग्दर्शक तात्यांवर खूश. पण शूटिंगवाल्यांचा सगळा मुक्काम कारखान्याच्या विश्रामगृहात होता, आणि तिथल्या व्यवस्थापकानं कुणाकडून तरी ऐकलं की हा चेहरा नको. दिग्दर्शक बिचारा केस ओढत बसला. तात्याच त्याला म्हणाले, "त्यात काय एवढं? माजी पाठ घ्या. पाटीवर कुणी बंदी घातलीय?" आणि तात्या पाण्याकडे तोंड करून, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. मुलगा होडीत बसून कायमचा शहराला चाललाय आणि बाप काठावर उभा आहे, असा प्रसंग होता. होडी लांब गेली, तसे तात्यांचे खांदे एवढेसे, अगदी एवढेसेच खाली आले. कॅमेरामन डोळे पुसत होता. मी तर स्कूटरच्या आरशात तोंड लपवलं.

ती मालिका आमच्या घरी टीव्हीवर लावली तेव्हा गल्ली लोटली होती. पाठ दिसली रे दिसली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "तात्या, काय पाठ हाय वो तुमची!" काकू, म्हणजे तात्यांच्या बायको, तेवढ्या फणकारल्या, "मला नगा कौतिक सांगू. सारा जलम ह्या पाटीकडंच बघून भांडलीया मी. ह्यांनी कदी तोंड फिरवून उत्तर दिलंय व्हय?" त्या दिवसापासून तात्या पाठमोरे तात्या झाले. पुढे दोन-तीन ठिकाणांहून खास पाठीलाच बोलावणं आलं. तात्या ऐटीत सांगायचे, "तोंडाला मेकअप लागतो. पाटीला नुसता धुतलेला सदरा लागतो."

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना तात्यांची छाती दुखायला लागली. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून बजावलं, दगदग नको, आणि स्टेजवर पडणं तर अजिबात नको. तात्या गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, पडत न्हाय वो मी. मरतो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. परत येताना स्कूटरवर मागून तात्यांचा आवाज आला, "सूनबाई, आता लई यंदा ऱ्हायलं न्हाईत." हळू बोलणाऱ्या सुनेनं स्कूटरही हळू केली.

आणि त्याच वर्षी कारखान्याच्या निवडणुकीत चेअरमन पडले. लगेच कमिटीची नवी पोरं उड्या मारत आली. "तात्या, यंदा जुनंच नाटक, राजा तुमीच! आता कुणाची भीती?" मला वाटलं तात्या नाचतील. तात्यांनी हातातली डाळिंबाची पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्ये पडलं म्हणून मला उभं करताय व्हय? मग नको मला." पोरांची तोंडं उतरली. "करीन, पर एका अटीवर. त्यास्नी बोलवा. पयल्या रांगेत खुर्ची टाका. माजं मरान त्यांच्यापुढं ऱ्हायलंय, त्यांच्यापुढंच पुरं करीन." पोरांना हे काही झेपेना. पडलेल्या चेअरमनला बोलावलं तर निवडून आलेले रागावणार! "मग मीच जातो," म्हणून तात्यांनी टोपी घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी स्कूटरची किल्ली घेतली.

चेअरमनच्या बंगल्यासमोर पूर्वी गाड्या लावायला जागा मिळायची नाही. त्या दिवशी तिथे एक कोंबडी निवांत फिरत होती. चेअरमन व्हरांड्यात एकटेच बसलेले. तात्यांना बघून ते चटकन उठले, खुर्ची ओढली. चहा आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर चेअरमनच म्हणाले, "तात्या, खरं सांगतो, तुम्हाला घेऊ नका असं मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "पर घ्या म्हणून बी कुणाला सांगितलं न्हाय तुमी."

चेअरमननी बशी खाली ठेवली. मग तात्यांनी यात्रेचं आमंत्रण दिलं, आणि चेअरमन सवयीनं म्हणाले, "बघतो. वेळ मिळाला तर येतो." म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. तात्याही हसले. कोंबडी दचकून पळाली.

यात्रेला संध्याकाळीच पडदा उघडला. बारामतीच्या ड्रेपरीवाल्याकडून राजाचा जरीचा शेला आणला होता, तो पाठमोऱ्या तात्यांच्या अंगावर मी विंगेत घातला आणि त्यांच्या गोळ्या माझ्या पदराच्या टोकाला बांधून ठेवल्या. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. पहिला अंक झाला, खुर्ची रिकामी. दुसरा झाला, तरी रिकामीच. तात्या दर प्रवेशाला येऊन विचारत होते, "आलं का?" मी मान हलवत होते. मला तर वाटलं, नकोच येऊ दे, या माणसाचं काम एकदाचं धड होऊ दे.

तिसरा अंक. तात्या विष प्यायले. राणीच्या मांडीवर डोकं टेकलं. बोटं मेली, खांदा मेला, मान कलली. आणि तात्यांनी डोळे उघडले ते थेट मागे, भेळेच्या गाडीकडे बघत. तिथे अंधुक उजेडात चेअरमन उभे होते. पुढे यायला कुणी वाट दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती.

"थांबा!" तात्या उठून बसले. हे पुस्तकात नव्हतं. "दिवाणजी, आमचं मरण क्षणभर बाजूला ठेवा. आमचे पाहुणे उशिरा आलेले आहेत. त्यांचा सत्कार झाल्याशिवाय आम्ही जात नसतो!"

मग जी टाळी पडली, ती थांबेचना. माणसं दोन्हीकडे सरकली, मधून वाट झाली. चेअरमन मान खाली घालून त्या वाटेनं स्टेजवर आले. शाल आणलेली नव्हती. तात्यांनी अंगावरचा जरीचा शेला काढला आणि त्यांच्या खांद्यावर घातला. ड्रेपरीवाला "ओ, ओ, भाड्याचा हाय त्यो!" म्हणून ओरडला, त्याला कुणीतरी खाली बसवलं. सवयीनं एका पोरानं चेअरमनच्या हातात माइक दिला, आणि मांडवातून हताश सुस्कारा निघाला. चेअरमननी माइककडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. घसा साफ केला.

"मरा आता, तात्या. मी बसलोय."

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण ते. खाली जाऊन ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीत शेला सावरून बसले. आणि तात्या मेले. काय मेले म्हणून सांगू! आतापर्यंत राखून ठेवलेलं सगळं मरण काढलं त्यांनी. दिवाणाला माफ करताना त्यांनी दिवाणाकडे बघितलंच नाही, बघितलं पहिल्या रांगेकडे. मग मान कलली आणि परत वर आली नाही. मी पदराची गाठ सोडत अर्धी स्टेजवर पोचले होते, इतक्यात पहिल्या रांगेतून चेअरमनचा आवाज आला, "वन्स मोअर!" राजानं एक डोळा उघडला, मला हातानं मागे जायची खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून मरायला सुरुवात केली.

त्यानंतर आमच्या गावात नियमच झाला. काय हार घालायचे ते पहिल्या घंटेआधी. मागे एकदा कुणी मोठे पुढारी मध्येच आले, तर दारातल्या पोरानं त्यांना अडवलं, "साहेब, जरा थांबा, आत राजा मरतोय." ते थांबलेही.

तात्या गेले ते गेल्या हिवाळ्यात. पहाटे, झोपेत, कुणाला न सांगता. स्टेजवर एवढं ऐसपैस मरणारा माणूस घरी मात्र असा चोरपावलानं गेला, याचा मला आजही राग येतो. उजाडता उजाडता निरोप गेले. अजून अंगणात सतरंजी पडली नव्हती, कोऱ्हाळ्याहून लेक निघाली होती तेवढीच, आणि दारात काठी वाजली. चेअरमन. एकटेच, धापा टाकत. एवढ्या सकाळी ते कुठल्या गाडीनं आले कोण जाणे.

"सूनबाई, उशीर तर नाही ना झाला?"

"नाही हो," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी आलात. अजून लेक यायची आहे."

"बरं झालं." ते तात्यांच्या पायाशी टेकले, चेहऱ्यावरची चादर नीट केली. "आज उशीर केला असता, तर उठून दुसरं विष मागितलं असतं यानं."

मयताच्या घरात मी मोठ्यांदा हसले. काकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि रडत होत्या. लेक येईपर्यंत चेअरमन तिथेच बसून होते. कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही.